पट येतोय, गोविंदा

रिद्धपूर,
18 नोव्हेंबर 2025

चि. गोविंदास,

 

परवा चांदूर बाजारला आपल्या नात्यातले एक जण भेटले. नाव लिहीत नाही, तू ओळखशील. त्यांच्याकडून कळलं की तू धामणगावच्या एका सराफाकडे पोत गहाण ठेवली आहेस आणि तळेगाव दशासरच्या पटात बैलजोड्यांवर लावायला पैसे जमवतो आहेस. पट संक्रांतीच्या सुमारास, आणि तुमची लगवाडीची बोलणी आत्तापासून! ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कायद्यानं मोबाईलवरचे पैशाचे खेळ बंद केले तेव्हा मला वाटलं होतं, पोरगा सुटला. आता ऐकतो ते खोटं असेल तर देवाची कृपा. खरं असेल तर आधी एकाच गोष्टीचं उत्तर दे. पोत कुठं आहे?

मी पटावर रागावलेला नाही. तुझ्या बाबांनी जोडी ठेवली होती, ती तुला आठवते. सरकी ढेप बैलांना आधी, मग घरच्यांचं जेवण. धावून आलेल्या बैलाच्या गुडघ्यावर हात ठेवून तो किती वेळ बसायचा! 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, तरी त्यानं ती जोडी विकली नाही, औताला जुंपली नाही. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला शर्यतींच्या कायद्यावर कायमचं शिक्कामोर्तब झालं, पण ते पाहायला तो राहिला नाही. त्या माणसानं कुणाच्या जोडीवर कधी रुपया लावला नाही. त्याला बैल आवडायचा. तुला बैलाचं नाव तरी ठाऊक आहे का, की नुसता भाव?

तू म्हणतोस, मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांवर उघड पैसे लागतात. लागतात. तिथं सरकारचं लायसन्स आहे आणि 1996 साली सुप्रीम कोर्टानं घोड्यांची शर्यत कौशल्याची मानली आहे. तिथं घोड्याचं वय, त्याचे आईबाप, पाठीवरचं वजन, मागच्या शर्यती, सगळं छापलेलं मिळतं. तरीही जमलेल्या रकमेतून आधी क्लबचा आणि सरकारचा हिस्सा निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. पटावरच्या लगवाडीला तर लायसन्सही नाही. 1887 च्या जुगारबंदी कायद्यात तो सरळ गुन्हा आहे. आणि हिशेब पाहा. दोघांनी शंभर-शंभर लावले, जिंकणाऱ्याला एकशे ऐंशी मिळाले, वीस बुकीचे. जोडी कुणाचीही येवो, वीस त्याचेच. धुरकऱ्यानं कासरा जरा आधी ओढला, एक बैल बुजला, रात्रीच्या दवानं माती धरली, की निकाल सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं फिरतो. यातलं तुला आदल्या दिवशी काय कळणार?

सगळ्यात लागलं ते पुढचं. तू म्हणे सुनबाईला म्हणालास, ‘आपले स्वामीही द्यूत खेळले होते.’ गोविंदा, रिद्धपुरात वाढलेल्या पोरानं ही लीळा अर्धीच सांगावी? तेव्हा हरिपाळदेव नावानं राहणारे स्वामी द्यूतात हरले, घरी येऊन पत्नी कमळाइसांकडे दागिने मागितले, आणि त्यांनी दिले नाहीत. तिथंच संसारावरचं मन उडालं. रामटेकच्या यात्रेला म्हणून भडोचहून निघाले ते इथं आले, आपल्या रिद्धपुरात, श्रीगोविंदप्रभूंपुढे. ज्यांचं नाव तुला ठेवलं त्यांच्यापुढे. कमळाइसांनी नाही म्हटलं, तिथून ही वाट सुरू झाली. आपल्या सुनबाईनं नाही म्हटलं नाही. गळ्यातून पोत काढून दिली आणि कुणाला कळू दिलं नाही. मला रात्री झोप येत नाही ती यामुळे. ती पोत तुझ्या आईची होती. तुझे बाबा गेल्यावर तिनं ती जपून ठेवली आणि तुझ्या लग्नात स्वतःच्या हातानं सुनबाईच्या गळ्यात घातली.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझा एक जिवलग असाच पटाच्या नादी लागला. पैसे मोजून बुकीकडे नेताना मी सोबत असायचो. ‘घरी कोणाले सांगजो नोको,’ एवढंच तो म्हणायचा. मी सांगितलं नाही. मैत्री राखतो आहे असं मला वाटायचं. त्याचं अडीच एकर ओलिताचं रान गेलं, मग तो सुरतेला गेला, परत आला नाही. त्याची आई पुढं रोज राजमठाच्या वाटेवर दिसायची. मला ‘कसा आहेस बाप्पा’ म्हणायची आणि मला मान वर करता यायची नाही. एकदा तिच्या कानावर घातलं असतं तर! म्हणून हे पत्र कडक झालं. या वेळी गप्प बसणं मला जमणार नाही.

रागावलो, वाईट वाटून घेऊ नकोस. तुला बाप नाही म्हणून बोलतो, आणि बाप असता तरी बोललो असतो. दुकानाचा पगार पुरत नाही हे मला ठाऊक आहे. पोराची शाळा, घरभाडं, सगळं ठाऊक आहे. तू मागत नाहीस, हा तुझा बाबांसारखाच स्वभाव. पण माझ्याकडे मागायला लाजलास आणि बुकीकडे जायला लाजला नाहीस, असं का रे व्हावं?

आपल्या बागेतल्या आंबिया बहाराचा सौदा झाला. व्यापारी इसार देऊन गेला, तोड पुढच्या आठवड्यात. तुझा वाटा मी वेगळा ठेवला आहे, त्यातून आधी पोत सोडवू. व्याजासकट किती होतात ते कळव. कमी पडले तर मी घालतो, त्याचा हिशेब तुला कुणी विचारणार नाही. मोठीआईला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सुनबाईशी मात्र तू स्वतः बोल.

आणि तळेगावला आपण जाऊ. बायका जोड्या हाकतात त्या दिवशी जाऊ, सुनबाईलाही पाहता येईल. पोराला आण. त्याच्या आजानं जोडी कशी पारखायची ते मला शिकवलं होतं, ते त्याला दाखवीन. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं निघ, पोतीची पावती सोबत आण.

तुझा,
मोठेबाबा