शिबिर संपल्यावरचा दादा

मे महिन्यातल्या निवासी शिबिरात मुलांना सांभाळणाऱ्यांना सर किंवा मॅडम म्हणत नाहीत, ताई-दादा म्हणतात. श्रमदानाच्या जुन्या शिबिरांपासून आजच्या भरमसाट फीच्या साहस शिबिरांपर्यंत हा रिवाज टिकून आहे आणि तो मला मनापासून आवडतो. दुसऱ्या रात्री हमखास एखादं पोर सतरंजीवर उठून बसतं, घरची आठवण येते म्हणून मुसमुसतं. अशा वेळी त्याला शिक्षक नको असतो, दादाच हवा असतो. शिक्षकाला वर्षभरात मिळत नाही तो विश्वास या दादाला दीड दिवसात मिळतो. माझी काळजी इथूनच सुरू होते. घरातल्या दादावर आजीची, काकूची, शेजारच्या काकांची नजर असते. शिबिरातल्या दादाला नातं तयार मिळतं, पण त्या नात्याची राखण करणारं तिथे कुणी नसतं. ती राखण आयोजकांनी मुद्दाम उभी करायला हवी. बहुतेक शिबिरांत ती चांगुलपणाच्या भरवशावर सोडलेली असते.

‘आमची सगळी पोरं घरचीच आहेत, याच शिबिरात वाढलेली,’ असं यावर अभिमानाने सांगितलं जातं. पण ‘घरचा’ असणं ही सुरक्षिततेची हमी नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात, की मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. ज्या स्काउट चळवळीकडे जगभरच्या शिबिरांनी तंबू आणि शेकोटी शिकून घेतली, तिच्या अमेरिकेतल्या संस्थेने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या विरोधात लैंगिक अत्याचाराचे ब्याऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले. तिथेही पालकांनी मुलं अनोळखी माणसांच्या हाती दिली नव्हती.

मात्र प्रत्येक गोष्ट अत्याचाराच्या टोकाला नेऊन बघितली, की रोज घडणारी गोष्ट नजरेतून सुटते. दादा एकोणीस-वीस वर्षांचा असतो, शिबिरार्थी मुलगी पंधराची. तो गिटार वाजवतो, गड चढतो, सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन कौतुक करतो. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती सगळेच रडतात, वह्यांवर सह्या होतात, नंबर दिले-घेतले जातात. आठवडाभराने रात्री अकराला मेसेज येतो, ‘झोपलीस का?’ मग, ‘हे ग्रुपवर नको टाकूस.’ या दुसऱ्या वाक्यात सगळं आलं. त्या मुलाच्या मनात खोट असेल असंही नाही, त्यालाही कौतुकाची भूक आहेच. पण तिने शिबिरात दिलेला विश्वास तो आता खासगीत खर्च करू लागला आहे. कायद्यात तर संदिग्धता नाहीच. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणासाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक, तिची संमती संमती धरली जात नाही. ‘ती स्वतःहून बोलत होती’ हा बचाव म्हणून चालत नाही.

म्हणून राखणीसाठी नियम हवेत. यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की असे नियम आले की शिबिर कोरडं होईल. खांद्यावर हात ठेवायचा नाही, रडणाऱ्याला जवळ घ्यायचं नाही, मग शाळा काय वाईट? आक्षेप खरा आहे. असं शिबिर मलाही नको. पण माझा मुद्दा जवळीक कमी करण्याचा नाही, ती उघड्यावर ठेवण्याचा आहे. रडणाऱ्या मुलाला दादाने जवळ घ्यावं, पण ओसरीवर, दुसरी ताई दिसेल अशा जागी. एका मुलासोबत एकट्याने बंद खोलीत बसू नये, रात्रीचा पहारा दोघांनी मिळून द्यावा, आवडतं-नावडतं मूल ठरवू नये, एकट्याला खाऊ देऊ नये. शिबिरानंतरचा संपर्क पालक असलेल्या ग्रुपवरच ठेवावा. असं वागणाऱ्याची माया आटत नाही. उलट उद्या कुणी खोटा आरोप केला, तर हाच उघडेपणा त्याच्या बाजूने उभा राहतो. आणि हो, सहायक म्हणून उभी केलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं कायद्याने स्वतःच बालक आहेत, हे आयोजक सोयीस्करपणे विसरतात.

तक्रार दाबताना पुढे केल्या जाणाऱ्या ‘संस्थेचं नाव जाईल’ या सबबीचा मला राग येतो. लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या एकोणिसाव्या कलमाने बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, असं २०२० चे पॉक्सो नियम सांगतात. दहा दिवसांच्या शिबिराला कसली पडताळणी, असं म्हणणाऱ्यांनी तेच दहा दिवस मूल आईबापांपासून किती लांब असतं, ते नकाशावर बघावं.

पालकहो, माहितीपत्रकात घोडेस्वारी आहे का, हे जरूर बघा. पण १०९८ हा बालमदतीचा क्रमांक मुलाकडून पाठ करून घ्या आणि फी भरण्याआधी आयोजकांना विचारा: रात्री मुलांजवळ कोण झोपतं? शिबिर संपल्यावर माझ्या मुलाचा नंबर कुणाकडे राहतो? ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर पैसे परत खिशात घाला.