भाचीला, फेलोशिपच्या अर्जाआधी

अगं, जाहिरात हाती पडली की तुम्ही नवे प्राध्यापक आधी रक्कम बघता. रक्कम सगळ्यात शेवटी बघायची. आधी शोधायचं ते हे, की तिथे राहून आलेल्यांच्या हातून पुढे काय छापून आलं. दीपप्रज्वलनाचे फोटो कुठल्याही संस्थेकडे असतात.

तू भोकरदनला शिकवतेस, म्हणून इथलंच माप देतो. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथल्या पांढरीवर उत्खनन केलं. तिकडून शां. भा. देव, इकडून आर. एस. गुप्ते. अहवाल १९७४ ला छापून हातात! आमच्या वेळच्या कितीतरी उत्खननांचे अहवाल कपाटातच म्हातारे झाले, म्हणून मला याचं फार अप्रूप. त्या अहवालातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीच्या घाटाची निघाली आणि भोगवर्धनचा, म्हणजे जुन्या भोकरदनचा, इटलीशी असलेला धागा अभ्यासकांच्या चर्चेत आला. सांची-भारहुतच्या दानलेखांत भोगवर्धनचे दाते आधीपासून होतेच. निवड समितीतल्या कुणाला भोकरदन नकाशावर दाखवता येणार नाही, पण भोगवर्धन म्हटलं की मान वर होईल. अर्जाचं पहिलं वाक्य तिथून सुरू कर.

दुसरं, त्या जागी असं काय आहे जे तुला भोकरदनला किंवा संभाजीनगरला मिळत नाही? विषय उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात बसून उरकणार असेल, तर त्यासाठी दोन वर्षं घर मोडू नकोस. शिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेची फेलोशिप मोठी खरी. राष्ट्रपती निवासाची वास्तू, ग्रंथालय, शांतता, सगळं आहे. पण शेवटी तिथे एक पूर्ण ग्रंथ लिहून द्यावा लागतो. तुझं टिपण अजून कच्चं आहे. त्याच संस्थेतल्या यूजीसीच्या आंतरविद्यापीठ केंद्राने कॉलेजच्या शिक्षकांसाठी सहयोगी म्हणून तीन वर्षं दरवर्षी एकेक महिना जाऊन राहायची सोय केली, ती तुझ्यासारखीला जास्त उपयोगाची. भौतिकशास्त्रवाल्यांना पुण्याच्या आयुकाने तीन वर्षांची सहयोगी योजना दिली, तीही त्याच धर्तीची. नोकरी सांभाळून, पुन्हा पुन्हा त्याच जागी जायचं, तीच माणसं भेटायची. दोन वर्षांच्या एका मोठ्या मुक्कामापेक्षा अशा येण्याजाण्यातून कॉलेजच्या शिक्षकाचं काम जास्त होतं, असं माझं मत. विद्यापीठातल्यांना ते पटत नाही. त्यांना बदली माणूस मिळतो.

आणि बदली माणूस हाच खरा प्रश्न. तू गेलीस की तुझे तास कोण घेणार? तासिका तत्त्वावर कुणी येईल का, विभागात दोघंच असाल तर दुसरा तुझा भार उचलेल का, हे अर्जाआधी बोलून घे. नंतर बोललं की माणसं दुखावतात. रजेचंही तसंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत अभ्यासरजेसाठी किमान तीन वर्षांची सलग सेवा लागते आणि परतल्यावर तीन वर्षं तिथेच नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. तुझी सेवा अजून तेवढी झालेली नाही. म्हणजे यंदा फक्त सुट्टीत बसणारं काही शोध.

आता पैसा. विचारायचं ते एवढंच: तिकडे असताना इकडचा पगार चालू राहतो का, हप्ते किती, आणि शेवटचा हप्ता कशावर अडतो. आयसीएसएसआरसारख्या ठिकाणी शेवटची रक्कम अहवाल मान्य झाल्यावर मिळते, सोबत उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून फाईलला लाव. कॉलेजच्या अकाउंटंटशी गोड बोलायला शीक. शोधनिबंधाइतकंच ते कामाचं आहे.

परदेशाचं मनात असेल तर फुलब्राइट-नेहरूच्या अटी नीट वाच. अमेरिकेतल्या प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र असलं तर अर्जाला वजन येतं. जे-१ व्हिसावर गेलेल्या फुलब्राइटवाल्याला मायदेशी दोन वर्षं काढल्याशिवाय तिकडे नोकरीचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा मिळत नाही. जावईबापूंना हे आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यांची स्वप्नं वेगळ्याच दिशेला जातील.

आणि ज्या 'फेलोशिप'साठी तुझ्याकडूनच नोंदणी शुल्क मागतात, वर नावापुढे लावायला अक्षरं आणि शाल-श्रीफळ देतात, तिकडे फिरकू नकोस. नॅकच्या फाईलला कागद लागतो म्हणून कुणी आग्रह केला तरी नाही. निवड समितीतली माणसं अर्जातली ही अक्षरं बघून हसतात. मी स्वतः अशा समितीत बसून हसलोय.

शिफारसपत्र मोठ्या नावाकडून मागण्यापेक्षा ज्यांनी तुझा लेख ओळ न् ओळ वाचलाय त्यांच्याकडून माग. त्यांना प्रस्तावाची प्रत आणि किमान तीन आठवडे दे. प्राचार्यांचा शेरा आणि संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी घे. अप-डाऊन करणारं ऑफिस एकदा घरी गेलं की सहीला तुळशीचं लग्न उजाडतं.