धडा : खाटकाला विचारायचे तीन प्रश्न

आखाताच्या किनाऱ्यावरचे अल-खोबर हे एके काळी कोळ्यांचे लहान गाव होते. 1938 साली शेजारच्या धाहरानला तेल लागले आणि गावाचे शहर झाले. भारतातून नोकरीला गेलेली पुष्कळ माणसे तेथे राहतात. एखादा बेने इस्राएल तरुण तेथे गेला, तर चांगला खाटीक कोणता, हा प्रश्न त्याला लवकरच पडेल.

त्याला स्टेकचे अप्रूप असणारच. महाराष्ट्रात गोवधबंदीचा कायदा 1976 चा. 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. कोकणातल्या पुष्कळ बेने इस्राएल घरांत तर कायद्याच्या आधीपासूनच, शेजाऱ्यांचे मन राखून, गोमांस शिजत नसे. अल-खोबरला मात्र परदेशांतून आलेले गोमांस काचेआड मांडलेले असते.

दुकानाची पाटी ‘मल्हमा’. ‘लहम’ म्हणजे मांस. हिब्रूत याच मुळाचा शब्द ‘लेहेम’, पण त्याचा अर्थ भाकर! पहिला प्रश्न, जनावर कोणते? ‘बकर’ ऐकून मराठी मुलाने बकरा समजू नये. ते गाय-बैल, हिब्रूतले ‘बाकार’. शेळ्या-मेंढ्या म्हणजे ‘घनम’. ‘जमल’ म्हणजे उंट, हिब्रूत ‘गामाल’. कोवळ्या उंटाचे मांस तेथे ‘हाशी’ या नावाने आवडीने खातात. उंट रवंथ करतो, पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत, म्हणून वायिक्राच्या 11 व्या अध्यायात तो वर्ज्य आहे. तयार खिमा म्हणूनच घेऊ नये. तुकडा निवडून डोळ्यांदेखत करून घ्यावा.

दुसरा प्रश्न, भाग कोणता? याकोबाच्या मांडीला मार लागला, तेव्हापासून मांडीची ती शीर खात नाहीत. ती आणि मागच्या भागातली वर्ज्य चरबी काढणे फार किचकट, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कोशेर खाटीक मागचा भाग विकतच नाहीत. फिले आणि सरलॉइन त्यात गेले. पण नुकसान समजू नये: सहाव्या ते बाराव्या बरगडीचा तुकडा स्टेकला उत्तम. मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा पसरलेल्या असाव्यात, रंग ताजा लाल असावा, वास आंबूस नसावा, आणि जाडी दोन बोटे तरी असावी. पातळ काप तव्यावर वातड होतो.

तिसरा प्रश्न अवघड. कापले कोणी? कोकणात हा प्रश्न पडत नसे. हज्जान सुरी घेऊन यायचा, आणि घरातल्यांना तो माणूस ठाऊक असायचा. अल-खोबरचे मांस हलाल असते. तेथेही धारदार सुरी, तेथेही रक्त वर्ज्य. म्हणून ‘दोन्ही एकच’ असे काही जण म्हणतात. हे सोयीचे बोलणे झाले. शोहेत सुरीची धार खाच नाही ना म्हणून तपासतो, कापल्यावर फुप्फुसे पाहतो. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर जाड मिठात, आणि तीन वेळा धुणे. घरी मीठ लावल्याने रक्त निघेल, पण न झालेली शेहिता होत नाही. हलाल खायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याला कोशेर मात्र म्हणू नये. हॉटेलातला स्टेक बहुधा लोण्यात परततात, तेही विचारून घ्यावे. मटणात दुधाऐवजी नारळाचे दूध घालणाऱ्या घरातल्या मुलाला हे सांगायला नको.

ज्याला तिसऱ्या प्रश्नाशी तडजोड नको, त्याने मासळीबाजार गाठावा. माशाला शोहेत लागत नाही. दावीद राहाबीने कोकणातल्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि त्यांनी खवल्यांचे तेवढेच निवडले, अशी कथा समाजात सांगतात. आखातात हामूर मिळतो, त्याला पर आणि खवले दोन्ही असतात. मासा अख्खा पाहून घ्यावा, साफ केलेला नको.

घरी विचारा : आजीच्या लहानपणी कोंबडी कापायला कोणाकडे नेत? मीठ लावायला फळी वापरत की टोपली?