यंत्र सल्ला : ट्रॅक्टरच्या टाकीत करंज तेल, तळणाचं तेल की बायोडिझेल?



डिझेल महाग झालं की एक प्रश्न हमखास येतो. करंजाचं तेल, वडे-भज्यांचं उरलेलं तेल किंवा ड्रममधून स्वस्तात मिळणारं 'बायोडिझेल' इंजिनात चालेल का? थोडक्यात उत्तर : *इंजिन सुरू होईल, पण टिकेलच असं नाही.* कारण समजून घेऊ.

*१) तेलावर इंजिन चालतं का?*
चालतं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. कर्नाटकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी खेड्यात करंज तेलावर जनरेटर चालवले. पण जनरेटर एका जागी, एकाच वेगाने चालतो. आपला ट्रॅक्टर कधी नांगराला जोर लावतो, तर कधी बांधावर नुसताच चालू उभा असतो.

*२) खरी अडचण दाटपणाची*
कच्चं तेल डिझेलपेक्षा साधारण १० पट दाट असतं. फवारणी पंपात द्रावण दाट झालं की फवारा तुटून धार पडते ना, तसंच इथे होतं. नोझलमधून धुक्यासारखा फवारा येत नाही, तेल अर्धवट जळतं. मग नोझलवर कार्बन धरतो, रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करतं. जवस आणि करडईचं तेल तर यात पुढे. जवसाचं तेल रंगात घालतात ते सुकून चिवट थर धरतं म्हणूनच. तोच थर इंजिनात नको.

हे नुकसान पहिल्या दिवशी दिसत नाही. सुरुवातीचे बरेच तास सगळं ठीक वाटतं, म्हणून शेजारी सांगतो, "माझं तर मस्त चाललंय." डिझेलमध्ये थोडं तेल मिसळलं तर दुखणं पुढे ढकललं जातं, टळत नाही. नव्या कॉमन रेल इंजिनात तर हा प्रयोग अजिबात नको.

*३) बायोडिझेल ही वेगळी वस्तू आहे*
गाळलेलं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. १०० किलो तेल, सुमारे १० किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक यांच्या प्रक्रियेतून साधारण १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. दाटपणा डिझेलच्या जवळ येतो. *हे घरी करू नका.* मिथेनॉल विषारी आहे, डोळे जाऊ शकतात. त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही.

*४) खरं बायोडिझेल वापरतानाही*
• किती टक्के मिश्रण चालतं ते सर्व्हिस बुकात बघा. त्यापुढे गेलात तर वॉरंटीवर पाणी.
• ते जुन्या टाकीतला गाळ सुटा करतं, फिल्टर तुंबतो. जास्तीचा फिल्टर जवळ ठेवा.
• जुन्या रबरी पाइपा फुगतात, पाझरतात. तपासत राहा.
• पाणी धरतं. ड्रम सावलीत, घट्ट बंद ठेवा, वर्षभराचा साठा नको.
• थंडीत गोठू शकतं.
• शुद्ध बायोडिझेलची ताकद डिझेलपेक्षा ८ ते १० टक्के कमी असते. दर बघताना हे धरा.

*५) घेताना*
बायोडिझेलच्या नावावर औद्योगिक तेलं विकली जातात. शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. परवाना, पक्कं बिल आणि चाचणी अहवाल मागा. घरच्या घरी एक तपासणी : बाटलीत अर्धं पाणी, अर्धं बायोडिझेल घालून जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले नाहीत, ताकासारखं राहिलं, तर माल कच्चा. थर झाले म्हणून मात्र माल खरा ठरत नाही, भेसळीचं तेलही वेगळं होतं. बिल नाही, तर खरेदी नाही.

*६) मग तेलाचं काय करायचं?*
• करंज बी घाण्यावर द्या. तेल विका, पेंड शेतात खत म्हणून वापरा.
• घरी, हॉटेलात किंवा लग्नकार्यात उरलेलं तळणाचं तेल साठवून अधिकृत संकलकाला द्या. त्याचंच पुढे बायोडिझेल होतं. ते पुन्हा खाण्यात नको. तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तळणाला वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा नियम २०१८ पासून लागू आहे.
• टाकीत कच्चं तेल आधीच ओतलं असेल, तर ते काढा, डिझेल फिल्टर आणि इंजिन ऑइल बदला, नोझल तपासून घ्या.

*हिशोब करा :* लिटरमागे १५ रुपये वाचले आणि २०० लिटर लागलं, तर बचत ३,००० रुपये. ओळखीच्या फिटरला पंप, नोझल आणि रिंगांच्या कामाचं बिल विचारा. वर ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला, तर वाफसा कुणासाठी थांबत नाही.

शंका असल्यास गटप्रमुखांना विचारा किंवा इथेच व्हॉइस मेसेज टाका. तुमच्या गटात ट्रॅक्टर किंवा डिझेल पंप असलेल्या प्रत्येक सभासदाला हा मेसेज पाठवा.

— तांत्रिक सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी