उजवा गाल आणि डावा हात

पक्षाघात म्हटला की एका बाजूचे हातपाय लुळे पडलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो. पण हा रुग्ण पाहा. त्याला एकाएकी भोवळ आली, ओकाऱ्या झाल्या. आवाज घोगरा झाला, घोटभर पाणी गिळता येईना, उचकी थांबेना. उभा राहिला की तोल उजवीकडे जातो. उजवी पापणी किंचित उतरली आहे आणि त्या डोळ्याची बाहुली लहान झाली आहे. हातापायांत जोर मात्र शाबूत! डॉक्टरांनी गरम पाण्याची परीक्षानळी उजव्या गालाला लावली. उष्णता कळली नाही. मानेखाली प्रकार उलटा. तेथे डाव्या हाताला व डाव्या पायाला उष्णता कळत नाही, कापसाचा स्पर्श मात्र कळतो.

बिघाड एकाच ठिकाणी असेल, तर चेहरा उजवा आणि अंग डावे असे का?

वहीत दोन उभ्या समांतर रेषा काढा. ही मेरुरज्जूची डावी व उजवी बाजू. डाव्या पायाकडून येणारा वेदनेचा व उष्णतेचा संदेश मेरुरज्जूत शिरल्यावर लगेच उजव्या बाजूला जातो आणि तिकडूनच मेंदूकडे चढतो. चेहऱ्याचे तंतू निराळे वागतात. उजव्या गालाचे तंतू मेंदूच्या खालच्या भागात शिरून उजवीकडूनच आधी खाली उतरतात आणि मग बाजू बदलतात. या दोन वाटा मस्तिष्कपुच्छाच्या उजव्या कडेला शेजारी येतात. मस्तिष्कपुच्छ जेमतेम ३ सेंटिमीटर लांब. गिळणे, आवाज व तोल यांची केंद्रेही याच कडेला. हातापायांना हालचालीचे हुकूम नेणारे तंतू समोरच्या बाजूस, मध्यरेषेजवळ असतात, म्हणून ते वाचतात. स्पर्शाची वाटही वेगळी आहे.

जिनिव्हाचे डॉक्टर गास्पार व्यूसो यांना १८०८ साली स्वतःलाच असा झटका आला होता. पण कोडे सोडवले ते डान्झिगच्या (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) अॅडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी. १८९५ मध्ये केवळ लक्षणांवरून त्यांनी बिघाडाची जागा सांगितली. पुढे तो रुग्ण वारल्यावर शवविच्छेदनात ती जागा बरोबर निघाली. हे त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. क्ष-किरणांचा शोधही १८९५ च्या अखेरचा, हे ध्यानात घेतले म्हणजे या तर्काचे मोल कळते. या लक्षणसमूहाला त्यांचेच नाव मिळाले.

कारण असते रक्तपुरवठ्यातील अडथळा. मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणारी कशेरुक धमनी किंवा तिची अनुमस्तिष्काकडे जाणारी एक शाखा तुंबते. उतारवयात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांमुळे धमन्यांत मेद साचतो. कधी हृदयातून गुठळी येते. तरुणांत मात्र मानेला हिसका बसून धमनीचे आतले अस्तर फाटल्यानेही असे होते.

हातपाय चालतात, म्हणून घरचे लोक ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबूपाणी पाजतात. येथेच खरा धोका आहे! गिळण्याचे स्नायू कमकुवत असल्याने पाणी श्वासनलिकेत उतरते आणि न्युमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये. सीटी चित्रात हा लहानसा बिघाड बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. क्वचित पहिल्या दिवशी तोही हुलकावणी देतो. गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णांना झटक्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत पुन्हा चालू-गिळू लागतात. उष्णतेची जाणीव मात्र कित्येकांना पूर्ववत येत नाही, आणि आंघोळीचे पाणी त्यांना चांगल्या हातानेच पाहावे लागते.