चावऱ्या कुत्र्याला वळण

नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडी हे सुरत-नागपूर महामार्गावरील गाव. अशा गावात कुत्रा हा घराचा व शेताचा राखणदार असतो. तोच शाळेच्या वाटेवर मुलांच्या अंगावर धावू लागला, की काठी उगारली जाते. काठीने मात्र दोष वाढतो.

कुत्रा शिक्षणाने घडतो, हे पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या ‘जंजीर’ने १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर स्फोटके शोधून दाखवून दिले. बिघडलेल्या कुत्र्यालाही शिक्षणानेच वळण लावता येते.

पुष्कळ कुत्रे भयापोटी चावतात. गुरगुरणे ही त्यांची पूर्वसूचना होय. त्याबद्दल मार मिळाला, की कुत्रा गुरगुरणे सोडतो. भय मात्र जात नाही आणि पुढे तो सूचना न देताच चावतो. म्हणून जाणता प्रशिक्षक काही दुखणे नाही ना, हे प्रथम पशुवैद्यकाकडून तपासून घेतो. नंतर कुत्रा ज्याला भितो ते दुरून दाखवितो, तो शांत राहताच आवडीचा घास देतो व अंतर दिवसागणिक कमी करतो. घरातील सर्वांनी हीच रीत पाळावी लागते.

रेबीजवर मात्र शिक्षणाचा उपाय नाही. कुत्रा चावताच जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडून लस घ्यावी. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही पंचायतींसह स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. कुत्र्यापुढून पळू नये, खात असलेल्या कुत्र्यास व पिलांच्या आईस छेडू नये, एवढे शिक्षकांनी मुलांना शिकविले तरी अनेक चावे टळतील.