कारवानी पिल्लाला पट्ट्यावर चालायला शिकवताना



शेळ्या, कोंबड्या, परसबाग यांवर आपल्या पत्रिकेत बरंच लिहून झालं. कुत्र्यावर कधी लिहिलं नव्हतं. पण गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकींत बचतीच्या हिशोबापेक्षा कुणाच्या कुत्र्याने कुणाची कोंबडी धरली यावरच जास्त वेळ जातोय. एका गटात करडू मेलं, भरपाईवरून दोघींचं बोलणं तुटलं आणि त्यातली एक बैठकीलाच येईना. कर्ज दोघींचंही चालू आहे. म्हणून म्हटलं, या अंकात हाच धडा घेऊ.

बहुतेक तक्रारी कारवानी, पश्मी किंवा मुधोळ जातीच्या तरण्या कुत्र्यांच्या आहेत. लांब तोंड, आत गेलेलं पोट, काटकुळे पाय. हौसेने आणतो घरचा पुरुष, आणि तो ड्युटीला किंवा ऊसतोडीला गेला की सांभाळायचं कुणी? बाईनेच. सहा महिन्यांचं होईपर्यंत गोड वाटतं, मग एक दिवस दोरीसकट आपल्याला बांधावरून ओढत नेतं.

यात त्याचा वात्रटपणा नाही. गावठी कुत्रं वास घेत हिंडतं, हे कुत्रं नजरेवर चालतं. लांबवर काहीतरी हललं की ते आधी पळतं, तुमची हाक त्याला मागून ऐकू येते. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्याला याच कामासाठी जपलंय. म्हणून मोबाईलवर लॅब्रॅडॉरला शिकवण्याचे जे व्हिडिओ येतात ते पाहून इथे पुरतं काम होत नाही. आणि मारून तर मुळीच होत नाही. ही जात मनाने हळवी असते. चार रट्टे दिले तर पळणं थांबत नाही, तुमच्याजवळ येणं मात्र थांबतं.

आधी पट्टा बघू, कारण निम्मी भांडणं चुकीच्या पट्ट्यामुळे होतात. या कुत्र्याचं डोकं अरुंद आणि मान जवळपास तेवढीच जाड. साधा पट्टा घातला आणि ते मागे सरकलं की पट्टा कानांवरून सुटून येतो. मग घट्ट करतो, तर गळ्याची पातळ कातडी सोलते. लोखंडी साखळी तर नकोच.

पट्टा घरी शिवता येतो. दोन इंच रुंदीची नवार घ्या, आतून जुन्या लुगड्याचं मऊ कापड लावा. कानांच्या मागे मान जिथे सगळ्यात बारीक असते तिथलं माप घ्या आणि नवार त्यापेक्षा इंचभर आखूड ठेवा. दोन्ही टोकांना एकेक लोखंडी कडी पक्की शिवा. आता एक अरुंद पट्टी दोन्ही कड्यांतून ओवून तिची टोकं जोडा, म्हणजे छोटा फास तयार होईल. दोरी बांधायची ती या छोट्या फासाला. दोरी सैल असली की पट्टा सैल राहतो, कुत्रं मागे खेचायला लागलं की कड्या जवळ येतात आणि पट्टा मानेवर बसतो. पूर्ण ओढल्यावरही पट्ट्याखाली एक बोट गेलं पाहिजे. जात नसेल तर उसवून नवार वाढवा. वाढत्या पिल्लाचं माप दर पंधरा दिवसांनी बघा. हा पट्टा फक्त फिरवताना घालायचा. घरी बांधून ठेवताना साधा पट्टा, नाहीतर खिळ्याला किंवा फांदीला अडकून गळा आवळायचा.

दोरी पाच-सहा फुटांची, सुती. लांब दोरी दिली की कुत्रं पूर्ण वेग घेतं आणि शेवटी मानेला हिसका बसतो. त्या हिसक्याने मान कायमची दुखावू शकते. आणि ताई, दोरी मनगटाला गुंडाळू नका. गाईचं दावं गुंडाळायची आपल्याला सवय असते, पण गाय एकदम उधळत नाही, हे उधळतं. हात निखळेल.

शिकवायला दोन-तीन महिन्यांचं असतानाच लागा. पहिले चार-सहा दिवस नुसता पट्टा, तोही जेवायला देताना, म्हणजे पट्टा आणि भाकरी यांची त्याच्या डोक्यात गाठ पडते. मग हलकी दोरी बांधून तुमच्या डोळ्यांदेखत अंगणात ओढत फिरू द्या. त्यानंतर दोरी हातात.

आता खरं काम. चालायला लागा. दोरी ताणली की जागच्या जागी उभं राहा. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. ते वळून बघेल, दोरी सैल पडेल, त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा नखाएवढा तुकडा द्या आणि पुढे चला. पहिल्या दिवशी अंगणातून पांदीपर्यंतही पोचणार नाही. चालेल. दिवसातून दोनदा, दहाच मिनिटं. कांदा आणि द्राक्ष मात्र चुकूनही देऊ नका, कुत्र्याला ते विषासारखं आहे.

घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा. तुम्ही थांबता आणि पोरगं त्याच्याबरोबर पळत सुटतं, तर कुत्रं शिकतं की जोर लावला की जमतं. अंगात रग असतानाही शिकवणी होत नाही. आधी कुंपण असलेल्या जागेत पाच-दहा मिनिटं मनसोक्त पळू द्या, मग पट्टा. उन्हाळ्यात उजाडतानाच, तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाय भाजतात.

शेळ्या-कोंबड्यांची सवय शेवटी लावायची, आणि लांबून. शंभर पावलांवरून शेळी दाखवा. कान ताठ झाले, अंग आखडलं, नजर खिळली, की तोच क्षण तुमचा. तेव्हाच नाव घेऊन हाक मारा. वळून बघितलं तर तुकडा द्या. नाही बघितलं तर तुम्ही फार जवळ आहात, मागे या. आठवड्याला थोडं थोडं अंतर कमी करा. तरीही सांगते, पट्ट्यावर कितीही शहाणं झालं तरी मोकळ्या माळावर या जातीचा भरवसा धरू नका.

शिवारात ससा दिसला की "सोड, सोड" म्हणणारी मंडळी असतात. घरच्यांना सांगा, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे कुत्रं मागे लावून पाठलाग करणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. ससा हातात आला नाही तरी. सोलापूरकडच्या माळावर काळवीट आहेत, तिथे तर प्रकरण फार जड जातं. गुन्हा ज्याच्या हातात दोरी त्याच्यावर, आणि दोरी बहुतेक वेळा तुमच्या हातात असते.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे दरवर्षी. कुणाला चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना लावत बसू नका.

आणि हातून सुटलंच, तर मागे धावू नका. त्याला तो खेळ वाटतो आणि त्या खेळात आपण हरणारच. उलट्या दिशेला पळा, हाक मारा, खाली बसा. आलं की आधी तुकडा द्या, मग हळूच पट्टा धरा. त्या वेळी रागावलात तर पुढच्या वेळी ते येणार नाही.

ज्यांना पट्टा शिवायचाय त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला मानेचं माप आणि नवार घेऊन या. ज्या ताईंकडे शिलाई मशीन आहे त्यांनी जाड सुई सोबत आणावी. हिशोब झाले की बसून शिवू.